‘ट्रॉमा’ हा शब्द जरा जपून!

एम-थ्रीचा पेपर देऊन विंग परत आली की मेसमध्ये काय वातावरण असतं ते होस्टेलच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. ताटं वाजत असतात, डाळ नेहमीसारखीच पातळ असते आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "यार, तिसरा प्रश्न बघितला आणि ट्रॉमा झाला!" लगेच दुसरा म्हणतो, "मला तर व्हायवाचा पीटीएसडी आहे. सरांचा चेहरा दिसला की फ्लॅशबॅक येतात." सगळे हसतात. मीही हसायचो. नव्हे, असले जोक मारण्यात मी आघाडीवर होतो.

२०२५ च्या जुलैनंतर मला ते जमेनासं झालं. त्याचं कारण माझे मामा. या लेखात त्यांच्याबद्दल लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त एका अटीवर: नाव नाही छापायचं. तेव्हा नुसतं ‘मामा’.

आधी मुद्दा सांगतो, म्हणजे पानं उलटणाऱ्यांनाही कळेल. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे मराठीत आघातोत्तर तणाव विकार, हे एक वैद्यकीय निदान आहे आणि त्याला व्याख्या आहे. आपल्याकडे स्ट्रेस म्हणजे फोर्स भागिले एरिया. तिथे कोणी ‘मला असं वाटतं’ म्हणत नाही. या दुसऱ्या स्ट्रेसच्या बाबतीत मात्र आपण सगळे वाटेल ते म्हणतो. ज्याला तो नाही तो जोक म्हणून स्वतःला लावून घेतो, आणि ज्याला आहे त्याला घरचे आळशी म्हणतात. माझ्या घरात नेमकं हेच एकोणीस वर्षं चाललं होतं.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, चर्चगेटहून निघालेल्या लोकल खच्चून भरलेल्या असताना पश्चिम रेल्वेवर अवघ्या अकरा मिनिटांत सात बॉम्ब फुटले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड-भाईंदर. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. वसई, नालासोपारा, विरारच्या घराघरांतून त्या संध्याकाळी लोक फोन लावत होते आणि फोन लागत नव्हते. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो. मला अर्थातच काही आठवत नाही, पण आई अजून सांगते की दिवेलागण झाली, रात्रीचे दहा वाजले आणि भावाचा पत्ता नाही.

मामा मीरा रोड-भाईंदरच्या मध्ये फुटलेल्या गाडीत होते. फर्स्ट क्लासच्या शेजारच्या सेकंडच्या डब्यात, दाराशी. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. गाडी थांबल्यावर खाली उतरून त्यांनी तासभर माणसं उचलली. कोणाच्या तरी चादरी, कोणाच्या तरी ओढण्या, जे मिळेल ते वापरून. मध्यरात्री कुठल्यातरी टेंपोतून हायवेने घरी आले. शर्टावर रक्त होतं, त्यांचं नव्हतं. मामीने शर्ट टाकून दिला आणि देवाला नारळ फोडला. जखमींच्या यादीत मामांचं नाव कुठेच नाही, कारण ते जखमी झालेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा भरून धावल्या. ‘मुंबई स्पिरिट’चं भरपूर कौतुक झालं. मामाही तिसऱ्या दिवशी कामावर गेले. आई म्हणते, आम्हाला वाटलं सुटलो.

मग हळूहळू गाडी चुकायला लागली. आज सात-दहा चुकली, उद्या सात-बावीस चुकली. मग ते मधल्या स्टेशनवर उतरून परत येऊ लागले. २००७ मध्ये त्यांनी चर्चगेटची नोकरी सोडली आणि वालीवच्या एका गाळ्यात स्टोअर्स सांभाळायला लागले, निम्म्या पगारावर. त्यानंतर ते लोकलमध्ये बसलेले मी कधी पाहिले नाहीत. दादरला लग्न असलं की मामांना ताप. दिवाळीत संध्याकाळी फटाके सुरू झाले की स्कूटर काढून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर. हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसणार. टेबलाखाली कोणाची बेवारस पिशवी दिसली तर जेवण अर्धवट सोडून उठणार. रात्री दोनला उठून गॅलरीत. आणि राग! चहाचा कप आपटला म्हणून मामेभावाला मारलेलं मला आठवतं. एरवी मुंगीलाही न मारणारा माणूस.

नातेवाइकांनी आपापली निदानं केली. एक काका म्हणाले भित्रा. एक मावशी म्हणाली आळशी, बायकोच्या जिवावर बसलाय. मामी खरंच शिवणकाम करून घर ओढत होती, त्यामुळे ते फार लागायचं. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं. आणि मी? बारावीत असताना मी अगदी शहाण्यासारखं म्हणालो होतो, "मामा, लाखो लोक रोज जातात की लोकलने. त्यांना काही होत नाही." मामा हसले फक्त. ते हसणं आता आठवतं तेव्हा मान खाली जाते.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. कायद्याच्या त्या भागावर बोलायची माझी पात्रता नाही. मला एवढंच दिसलं, की टीव्हीवर दिवसभर ते फाटलेले डबे पुन्हा दाखवत होते आणि मामा चार रात्री झोपले नाहीत. पाचव्या दिवशी मामीने माझ्या आईला फोन केला, आणि आम्ही त्यांना मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेलो.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "विरारहून कसे आलात?"

मामा म्हणाले, "रस्त्याने."

"किती वेळ लागला?"

"साडेतीन तास. वर्सोव्याच्या पुलावर ट्रॅफिक होतं."

"ट्रेनने लवकर आला असतात की."

मामा काही बोलले नाहीत. मॅडमनी घाई केली नाही. मग मामा म्हणाले, "ट्रेनमध्ये बसून खूप वर्षं झाली."

पुढचा दीड तास मी कोपऱ्यात बसून होतो. मला वाटलं होतं डॉक्टर चेहरा बघून, दोन-चार वाक्यं ऐकून सांगतील. तसं काही नव्हतं. एक एक अट तपासत गेल्या, अगदी आपण वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग समोर ठेवून जॉब तपासतो तशा. त्या अटी मी नंतर नीट वाचून काढल्या. मला वाटतं त्या होस्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात.

पहिली अट घटनेची. मृत्यू, मृत्यूचा धोका, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार. हे स्वतःवर ओढवलेलं असेल, डोळ्यांसमोर घडलेलं असेल, किंवा अगदी जवळच्या माणसाच्या बाबतीत हिंसेने वा अपघाताने घडल्याचं कळलं असेल, तरच पहिलं दार उघडतं. अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरची माणसं यांना कामाचा भाग म्हणून असली दृश्यं पुन्हा पुन्हा बघावी लागतात, तेही यात येतं. मोबाइलवर आलेला अपघाताचा व्हिडिओ यात धरत नाहीत. व्हायवा, केटी, ब्रेकअप, एचओडींचं ओरडणं, हेही नाही. त्याने त्रास होत नाही असं नव्हे. त्रासाला दुसरी नावं आहेत. मात्र रॅगिंगमध्ये कोणाला जिवाची भीती वाटावी असं काही झालं असेल, तर ते ‘गंमत’ या सदरात टाकू नका. ते या दारातून आत येऊ शकतं.

मग लक्षणांचे चार गट. पहिला, घटना पुन्हा पुन्हा आत घुसणं: नको असताना येणाऱ्या आठवणी, स्वप्नं, फ्लॅशबॅक. आपण ज्याला फ्लॅशबॅक म्हणतो ती नुसती आठवण असते. मॅडमनी विचारलं, "त्या दिवसाची आठवण येते?" मामा म्हणाले, "आठवण नाही येत. मी तिथे असतो. जळक्या रबराचा वास येतो, आणि घरात काहीच जळत नसतं." दुसरा गट टाळण्याचा: ती जागा, ती माणसं, तो विषय, तो विचारसुद्धा. तिसरा गट मनाच्या आणि विचारांच्या बदलांचा: सतत अपराधी वाटणं, कशात रस न उरणं, आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखं होणं, घटनेचा महत्त्वाचा भाग न आठवणं. इथे मामा पहिल्यांदा रडले. "एक मुलगा पाणी मागत होता. मी आणतो म्हणालो. आणलं की नाही ते आठवत नाही." एकोणीस वर्षांत त्यांनी हे मामीलाही सांगितलं नव्हतं. चौथा गट कायम सावध राहण्याचा: झोप उडणं, दचकणं, चिडणं, लक्ष न लागणं, सतत आजूबाजूला धोका शोधणं.

यानंतर आणखी तीन चाळण्या. हे सगळं एका महिन्याहून जास्त टिकलं पाहिजे. त्यामुळे कामात, घरात, माणसांत वावरण्यात खरा अडथळा आला पाहिजे. आणि ते दारू, औषधं किंवा दुसऱ्या शारीरिक आजारामुळे नसलं पाहिजे. महिन्याच्या आतल्या तीव्र त्रासाला वेगळं नाव आहे, ॲक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर. कारण पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं.

एक छापील प्रश्नावलीही भरून घेतली. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण ऐंशी. साधारण ३१ ते ३३ च्या वर आकडा गेला की पुढे नीट तपासायचं. आपल्या मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये गो-नो-गो गेज असतो ना, तसं हे. गेज फक्त सांगतो की जॉब बाजूला काढा. नेमकं काय बिघडलंय हे समोर बसून घेतलेल्या सविस्तर मुलाखतीतूनच कळतं. म्हणून मोबाइलवर प्रश्नावली सोडवून स्वतःला सर्टिफिकेट देणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता गणिताच्या शौकिनांसाठी थोडं. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या व्याख्येत पहिल्या गटात पाच लक्षणं आहेत, त्यातलं किमान एक हवं. दुसऱ्यात दोन, किमान एक. तिसऱ्यात सात, किमान दोन. चौथ्यात सहा, किमान दोन. बारावीचं कॉम्बिनेशन लावा: ३१ गुणिले ३ गुणिले १२० गुणिले ५७. उत्तर येतं ६,३६,१२०. म्हणजे हा एकच आजार सहा लाख छत्तीस हजार एकशे वीस प्रकारे दिसू शकतो! दोन पेशंटमध्ये एकही लक्षण समान नाही, असंही गणिताने शक्य आहे. म्हणूनच ‘सिनेमात दाखवतात तसा हा वागत नाही, म्हणजे याला काही झालेलं नाही’ हा आपला युक्तिवाद पहिल्याच पायरीवर कोसळतो.

कोणी म्हणेल, व्याख्या करणारे तरी कुठे ठाम आहेत? बरोबर आहे. ही व्याख्या बदलत आली आहे, आणि ती का बदलली हे बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परत आलेले सैनिक थरथरायचे, बोलू शकायचे नाहीत, त्याला ‘शेल शॉक’ म्हणत. काहींना तर भित्रे ठरवून शिक्षा झाल्या. पीटीएसडी हे नाव अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दुखणी पुढे आल्यावर. त्यावेळी अट होती की घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवाच्या पलीकडची हवी. १९९४ मध्ये ती काढली, कारण अपघात, बलात्कार, मारहाण या गोष्टी जगात काही दुर्मीळ नाहीत. आपल्याकडचंच बघा. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२४ या एका वर्षात दोन हजारांहून अधिक माणसं गेली. रोज घडतं म्हणून बघणाऱ्याला, उचलणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्या मोटरमनला कमी लागतं का?

१९९४ च्या व्याख्येत मग दुसरी अट आली: घटनेच्या वेळी तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप वाटलेला असला पाहिजे. २०१३ मध्ये तीही गेली. कारण जवान, पोलीस, डॉक्टर अशी अनेक माणसं सांगत होती की त्या क्षणी काहीच वाटलं नाही, हात आपोआप चालत होते, आजार मागाहून आला. मामा डॉक्टरांना अगदी हेच म्हणाले, "मॅडम, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी कामच करत होतो." विचार करा, २००६ मध्ये ते डॉक्टरकडे गेले असते आणि त्यांनी असंच प्रामाणिक उत्तर दिलं असतं, तर कदाचित त्याच वाक्यावर ते बाद झाले असते. मामा तेच, ती संध्याकाळ तीच. पट्टी बदलली.

जागतिक आरोग्य संघटनेची पट्टी आणखी वेगळी आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या त्यांच्या आयसीडी-११ या यादीत तीनच मुख्य गोष्टी आहेत: घटना आत्ता घडतेय असं पुन्हा अनुभवणं, टाळणं, आणि धोका अजून आहे असं सतत वाटणं. दीर्घकाळ चाललेल्या छळातून येणाऱ्या जास्त गुंतागुंतीच्या प्रकाराला तिथे वेगळं नाव दिलंय. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही निदान कसं करायचं हे सांगताना याच यादीचा उल्लेख आहे. दोन पट्ट्यांनी मोजल्यावर काही माणसं एकीत बसतात, दुसरीत बसत नाहीत. याचा अर्थ आजार काल्पनिक आहे असा नाही. मोजमाप सुधारत असतं, आणि हे इंजिनिअरिंगच्या मुलांना तरी पटायला हरकत नसावी.

व्याख्या कडक का हवी, याचं दुसऱ्या बाजूचं उदाहरण माझ्या रूममध्येच आहे. माझा रूममेट लातूरकडचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं. त्याचे आजोबा त्या रात्रीपासून आजतागायत पत्र्याखाली नाहीतर अंगणात झोपतात, स्लॅबखाली झोपत नाहीत. मामांचं कळल्यावर मी मोठ्या आवेशात त्याला म्हणालो, "अरे, तुझ्या आजोबांना पीटीएसडी आहे!" तो शांतपणे म्हणाला, "आजोबा शेती करतात, भजनाला जातात, सगळ्या गावाची लग्नं जमवतात. झोप तर कुंभकर्णासारखी. फक्त अंगणात." मी गप्प बसलो. आजोबांना आठवण आहे, सवय आहे, शहाणपणही आहे. डॉक्टरकडे जाण्यासारखं काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात कधी ना कधी असा मोठा आघात येतो, पण त्यातल्या साधारण ५.६ टक्के लोकांनाच हा विकार होतो. म्हणजे ‘मुंबई स्पिरिट’ अगदीच खोटं नव्हतं. बहुतेक लोक खरोखरच सावरले. चूक एवढीच, की त्या कौतुकाच्या गजरात न सावरलेल्यांना कोणी मोजलं नाही.

आणि मोजलं नाही की मिळतही नाही. रेल्वेच्या नुकसानभरपाईच्या १९९० च्या नियमांना एक परिशिष्ट आहे. हात गेला, पाय गेला, डोळे गेले, कान गेले, हाड मोडलं, चेहरा विद्रूप झाला, प्रत्येकाची रक्कम लिहिलेली. मनाला झालेल्या इजेची ओळ त्यात नाही. यादीत नसलेल्या इजेचं काय द्यायचं ते न्यायाधिकरण ठरवू शकतं, पण तिथे उभं राहायला हातात कागद लागतो. मामांच्या हातात निदानाचा कागद आला तो १९ वर्षांनी. मॅडम म्हणाल्या ते वाक्य मी विसरणार नाही: "आजार उशिरा झाला नाही, ओळखायला उशीर झाला."

त्या दिवशी परत येताना मामा गाडीत मामीला म्हणाले, "म्हणजे मी आळशी नव्हतो." बस, एवढंच. निदानाने पगार परत आला नाही, गेलेली वर्षं परत आली नाहीत. पण एका माणसाच्या कपाळावरचा चुकीचा शिक्का पुसला गेला. व्याख्या म्हणजे पुस्तकी घोकंपट्टी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. आता दर पंधरवड्याला ते उपचारांना जातात. त्या घटनेवरच काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत, आणि इतक्या वर्षांनीही त्यांचा उपयोग होतो. गेल्या महिन्यात मामा विरार स्टेशनच्या पुलावर माझ्याबरोबर दहा मिनिटं उभे राहिले. खाली गाड्या येत-जात होत्या. गाडीत बसायचं अजून बाकी आहे. बघू.

आता आपल्याकडे येतो. हा विषय वसई-विरारच्या मुलांनी व्हिएतनाममध्ये शोधायला नको. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून कोरोनाचे रुग्ण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. सिव्हिलवाले मित्र लगेच स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल बोलतील आणि ते बोललंच पाहिजे. पण ढिगाऱ्याजवळ रात्रभर उभे असलेल्यांचं काय? त्यांच्यातला एखादा उद्या आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेला असू शकतो. प्लॅटफॉर्मवर डोळ्यांदेखत कोणी गाडीखाली गेलेलं बघितलेला एखादा आत्ताही आपल्या विंगमध्ये असू शकतो. तो कसा दिसेल? लेक्चरला नाही, सबमिशन अपुरं, जर्नलवर सह्या नाहीत, रात्रभर जागा, कोणी खांद्यावर हात ठेवला की अंगावर येतो. आपल्या भाषेत, डिफॉल्टर.

म्हणून माझी मागणी तीनच गोष्टींची आहे.

मित्रांनो, पहिली तुमच्याकडे. कोणावर असं काही ओढवलं तर पहिल्या दिवसापासून त्याला पीटीएसडीचं लेबल लावू नका. त्याच्याभोवती कोंडाळं करून "सांग ना, नक्की काय बघितलंस?" असं खोदून विचारू नका. जबरदस्तीने सांगायला लावण्याने फायदा होत नाही, असंच आता तज्ज्ञ सांगतात. पाहा, ऐका आणि योग्य माणसाशी जोडून द्या, एवढं पुरे. त्याचं जेवण झालंय का बघा, एकटा पडतोय का बघा, तो आपणहून बोलला तर मध्ये न बोलता ऐका. महिना उलटूनही झोप, अभ्यास, वागणं जागेवर आलं नाही तर डॉक्टरकडे न्या. फारच हालत खराब असेल तर महिन्याचीही वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

दुसरी स्टाफकडे, अगदी नम्रपणे. डिफॉल्टर लिस्ट लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: "घरी किंवा बाहेर काही घडलंय का?" बाकी काही नको. कावीळ आणि फ्रॅक्चरचं सर्टिफिकेट चालतं, तसंच मानसोपचारतज्ज्ञांचंही चालावं, आणि ते देताना मुलाला चार जणांसमोर खुलासा करायला लागू नये. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा. मामांना झोप उडवणारा निकाल आला त्याच आठवड्यातली ही गोष्ट. समुपदेशकाची खोली मात्र ऑफिसच्या खिडकीसमोर नसावी, नाहीतर आत पाऊल टाकायची हिंमत कोणी करणार नाही.

तिसरी मागणी मेसमधल्या त्या टेबलाची. पेपर अवघड गेला तर म्हणा वाट लागली, विकेट पडली, बत्ती गुल झाली, पोपट झाला. मराठीत शब्दांना काय तोटा आहे? ‘ट्रॉमा’ तेवढा बाजूला ठेवा. आपण तो रोज डाळीबरोबर वापरला, तर ज्याला तो खरंच म्हणायचा आहे त्याने म्हटल्यावरही आपण हसू. आणि तो पुन्हा म्हणणार नाही.

माझ्या मामांनी एकोणीस वर्षं म्हटलं नव्हतं.